निरोप कुठे अडतो? यावल तालुक्यातल्या एका वाढत्या शाळेचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेची ही हकीकत आहे. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. इथे जे घडलं ते शेजारच्या रावेर आणि चोपडा तालुक्यांतल्या शाळांनाही ओळखीचं वाटेल. मी याच पट्ट्यात शिक्षक आहे. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत या शाळेतले शिक्षक भेटतात आणि शाळेतही माझं जाणं-येणं असतं. गेल्या काही वर्षांत ही शाळा झपाट्याने वाढली. वाढत्या शाळेचा प्रश्न म्हटला की आपण लगेच खोल्या आणि शिक्षक मोजायला लागतो. या शाळेत खरी अडचण तिसरीच निघाली. शाळेत रोज काहीतरी बदलत होतं आणि ते बदल ज्यांच्यासाठी होते त्यांनाच सगळ्यांत शेवटी कळत होते. कधी कधी तर कळतच नव्हते.

शाळा आधी सातवीपर्यंत होती. महाराष्ट्रात पूर्वीपासून पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी मांडणी होती. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याने प्राथमिक शिक्षण पहिली ते आठवी असं धरलं. कागदावरची ही मांडणी गावागावांत उतरायला बराच काळ गेला. या गावात आठवी जोडली जाईपर्यंत सातवी झालेली मुलं एसटीने तालुक्याच्या हायस्कूलला जात. मुलं जात, असं म्हणायचं. मुलींपैकी बऱ्याच जणींचं शिक्षण त्या उन्हाळ्यातच थांबायचं. गावात आठवी आल्यावर त्या मुली आणखी एक वर्ष शाळेत राहिल्या. पट वाढण्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण कोरोनाच्या काळातलं. इंग्रजी माध्यमाची फी परवडेनाशी झाली तेव्हा काही घरांनी मुलं परत गावच्या शाळेत घातली. त्यातली पुष्कळशी पुढेही इथेच राहिली.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं आणि ते केळीशी जोडलेलं आहे. जून-जुलैत लावलेली मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराची कांदेबाग, अशी वर्षभर या भागात केळीची कामं चालू असतात. ठिबकच्या नळ्या पाहायच्या, पिलं कापायची, घड झाकायचे, कटाईच्या वेळी मदत करायची. कापसासारखं चार महिने काम आणि मग सुट्टी असं इथे नसतं. म्हणून सातपुड्यातल्या पाड्यांवरून खाली उतरलेली पावरा, बारेला आणि भिल्ल आदिवासी कुटुंबं सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे मजूर म्हणून, बागांमध्येच झोपडी करून राहतात. त्यांची मुलं आधी शाळेच्या पटावर नसायचीच. शिक्षकांनी बागा पालथ्या घालून ही मुलं आणली. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही म्हणून कुणाला परत पाठवलं नाही. कायद्यातही तसं करायला मनाई आहे. वयानुसार वर्गात घेतलं आणि वेगळं शिकवून सोबत आणण्याची खटपट केली. या कामाबद्दल मला त्या शिक्षकांचा मनापासून आदर वाटतो.

सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे या वर्गांसाठी दर 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींसाठी शिकवणारे हवेत. शंभरावर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशकही हवेत. यातलं काही मिळालं, काही नाही. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे ते ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यातही आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. बागांमधून आलेल्या मुलांचं आधार एक तर नसायचं, नाहीतर नावात, जन्मतारखेत फरक असायचा. वर्गात बसलेली मुलं मान्यतेच्या हिशेबात कमी भरत होती. इथवरची गोष्ट ओळखीची आहे, म्हणून ती इथेच सोडतो.

पहिली ठेच: दोन पाळ्या

खोल्या कमी पडायला लागल्या तेव्हा शाळेने दोन पाळ्या करायचं ठरवलं. सहावी ते आठवी सकाळी सातला, लहान वर्ग दुपारी. फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, त्यामुळे सकाळच्या पाळीत मोठीच मुलं बसणार हे उघड होतं. शनिवारी संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली, सोमवारपासून अंमल. गावातली मुलं वेळेवर आली. बागांमधल्या मुली नेहमीप्रमाणे साडेदहाला आल्या, धाकट्या भावंडांचा हात धरून. मोठ्यांची शाळा निम्मी होऊन गेलेली आणि धाकट्यांची अजून भरायची होती.

नंतर सगळ्यांना वेळ कळली, तरी या मुलींची हजेरी घसरतच गेली. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा एक वाक्य ऐकू यायचं, की या मुलींना लवकर उठायचा कंटाळा आहे. मला ते वाक्य तेव्हाही खटकलं होतं. आई पहाटेच कामावर निघते. बारा-तेरा वर्षांची मुलगी भाकरी टाकते, धाकट्यांना आवरते आणि त्यांना घेऊन दोन-तीन किलोमीटर चालत शाळेत येते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर आईसोबत तीही जाते. सहाच्या आत घरून निघायचं, तर धाकट्यांना दुपारी शाळेत कोण पोचवणार? दोन पाळ्यांनी खोल्यांचं गणित सुटलं आणि या घरांची घडी मोडली. शिवाय खिचडी दिवसातून दोनदा शिजवावी लागत होती. सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ, लहान मुलाला 100 ग्रॅम, हे माप दोनदा, चूल दोनदा आणि भांडी दोनदा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या मानधनात एक पैसाही वाढला नव्हता.

पाळ्या अखेर बंद केल्या. दोन वर्ग गावातल्या सभागृहात भरायला लागले आणि लोकवर्गणीतून एक पत्र्याची शेड उभी राहिली. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये बसवत नाही, हे खरं. तरी मुली परत आल्या.

पाळ्या मागे घेतल्यावर शाळेला वाटलं की विषय संपला. सूचना बागांपर्यंत का पोचली नाही, हा प्रश्न कुणी धरून ठेवला नाही. तो पुढच्या उन्हाळ्यात परत आला, आणि या वेळी त्याची किंमत जास्त होती.

दुसरी ठेच: आठवीची फेरपरीक्षा

डिसेंबर 2023 च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा महत्त्वाची झाली. त्याआधी आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवत नसत. आता नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची आणि तीही जमली नाही तर त्याच वर्गात ठेवायचं. मुलाच्या नावावर एक वर्ष चढणार की नाही, हे त्या फेरपरीक्षेवर ठरतं. दुसऱ्या शाळेतून उशिरा आलेल्या, मराठी अजून नीट न वाचणाऱ्या मुलासाठी ही परीक्षा साधी नसते.

आणि इथे आमच्या भागाचं एक कॅलेंडर आडवं येतं. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. त्या दिवशी हिशेब होतो, उचल (मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे) फिटते किंवा पुढे ओढली जाते आणि पटलं नाही तर कुटुंब मालक बदलतं. मालक बदलला की बाग बदलते, झोपडी बदलते, कधी तालुकाही बदलतो. 2025 साली आखाजी 30 एप्रिलला होती. निकाल दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे महाराष्ट्र दिनाला, 1 मे रोजी. म्हणजे गावातल्या घरांत लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, घागर भरलेली आणि सालदारांच्या घरात बोचकी बांधलेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ध्वजवंदनानंतर शाळेत निकाल वाचला जातो. बागांमधली बहुतेक मुलं निकालाला आलीच नाहीत.

कोणकोण राहिलं, जादा वर्ग कधी, फेरपरीक्षा जूनमध्ये कधी, हे सगळं ग्रुपवर आलं. कार्यालयाचं पत्र जसंच्या तसं, ‘उपरोक्त विषयान्वये’पासून सुरू होणारं. जूनमध्ये परीक्षेला काही मुलं आली, काही नाही. न आलेली जवळजवळ सगळी बागांमधली होती. दोन कुटुंबं रावेर तालुक्यात गेली होती, एक चोपड्याकडे. एक मुलगा तर शाळेपासून हाकेच्या अंतरावरच होता, फक्त बाग बदलली होती. आपली परीक्षा होती हे त्याला ती होऊन गेल्यावर कळलं.

हा मुलगा नववीला जाण्याऐवजी पुन्हा आठवीत बसणार, हे मुख्याध्यापिका बाईंना सहन झालं नाही. त्यांनी वर लेखी मागणी केली, केंद्रप्रमुखांनी पाठपुरावा केला आणि त्याला दुसरी संधी मिळाली. बाकीच्यांपर्यंत मात्र पोचायला उशीर झाला होता.

निरोपाचा माग

जुलैत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली आणि त्यात या प्रकरणाला खरं वळण मिळालं. कोण चुकलं हे शोधण्याऐवजी फेरपरीक्षेची एकच सूचना घ्यायची आणि ती शाळेतून निघून कुठवर गेली याचा माग काढायचा, असं ठरलं. शिक्षक आणि समितीतल्या तीन आया घरोघर फिरल्या. त्यांना जे सापडलं ते मी इथे सविस्तर देतो, कारण माझ्या मते प्रत्येक वाढत्या शाळेने हे एकदा करून पाहायला हवं.

ग्रुपवर ज्यांचे नंबर होते त्यातले बरेच नंबर पालकांचे नव्हतेच. दाखल करताना सालदाराने मालकाचा नंबर दिला होता, कारण घरात फोन नव्हता किंवा रिचार्ज संपलेला होता. सूचना मालकाच्या फोनवर पोचली आणि तिथेच राहिली. मालकांनी मुद्दाम दडवली असं नाही. दिवसाला पन्नास निरोप येणाऱ्या फोनमध्ये सालदाराच्या मुलाच्या परीक्षेची पीडीएफ कोण उघडणार? ज्या घरांत फोन होता तिथे तो बापाच्या खिशात, बाप बागेत आणि शाळेचं सगळं बघणाऱ्या आईच्या हाती फोनच नाही. नंबर बदलले होते, कारण नव्या सिमवर स्वस्त ऑफर मिळते.

भाषेचंही तेच. घरी पावरी किंवा भिली, गावात तावडी आणि अहिराणी, कागदावर कार्यालयीन मराठी. एका बापाने पत्र वाचलं होतं, नीट वाचलं होतं. त्यात आपल्या मुलाचं नाव नाही म्हणून ते आपल्यासाठी नाही, असं त्याला वाटलं. त्याचं मुळीच चुकलं नाही. पत्र शाळेला उद्देशून होतं आणि शाळेने ते तसंच पुढे ढकललं होतं.

शिवाय गेल्या काही वर्षांत सूचनांचा नुसता पाऊस पडतोय. गणवेश आधी राज्यभर एकसारखा होणार होता, मग ते पुन्हा समितीकडे आलं. 2024 च्या ऑगस्टनंतर मुलांच्या सुरक्षेसाठी सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीची पत्रं आली. शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 पासून पाचवी आणि आठवीला होती, आता पुन्हा चौथी आणि सातवीकडे चालली आहे. सरल आणि यूडायस प्लसवरच्या ऑनलाइन नोंदी, आधार दुरुस्ती ही रोजची कामं. यातलं काय फक्त शाळेसाठी आहे आणि काय घरात पोचायलाच हवं, हे कुणीतरी वेगळं काढायला हवं होतं. या शाळेत ते काम कुणाकडेच नव्हतं. सगळं एकाच ग्रुपवर एकाच आवाजात जात होतं.

बाजाराचं टेबल

उपाय साधे निघाले. त्यातला मला सगळ्यांत पटलेला आधी सांगतो. या गावाचा आठवडी बाजार असतो त्या दिवशी मजुरांना हप्ता मिळतो आणि बागांमधली कुटुंबं मिरची, तेल, पीठ घ्यायला गावात येतात. शाळेत न येणारी आई बाजारात येतेच. म्हणून बाजाराच्या कडेला, किराणा दुकानाच्या ओट्यावर शाळेचं एक टेबल लागायला लागलं. एक शिक्षक, समितीतली एक आई आणि सातवी-आठवीची दोन मुलं. मुलांपैकी एकाला पावरी येते. टेबलावर फळा आणि फळ्यावर या आठवड्यात काय बदललं, कधीपासून, कुणासाठी आणि विचारायचं कुणाला, एवढंच. आधार दुरुस्तीचे कागद तिथेच पाहिले जातात, नवा नंबर तिथेच वहीत चढतो. सुरुवातीला लोक लांबूनच बघत. मग एका बाईने मुलीच्या एसटी पासबद्दल विचारलं. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना तो मोफत मिळतो हे तिला माहीतच नव्हतं. पुढच्या बाजारी ती आणखी तिघींना घेऊन आली.

फळ्यावरचा मजकूर मुलं लिहितात आणि त्याचीच एक प्रत शाळेच्या भिंतीवर लागते. खानदेशाला हे नवं नाही. साने गुरुजी अमळनेरला छात्रालय सांभाळत तेव्हा मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. त्यामागे केवढी रात्रीची जागरणं असतील, याचा विचार करून मी दरवेळी थक्क होतो. इथे आठवड्याला एक फळा आहे, तोही मुलांनी शुद्धलेखन तपासून लिहिलेला.

दुसरं, मुलांच्या वर्गानुसार याद्या होत्याच, आता वाटेनुसार याद्या झाल्या. नाल्याकडची वाट, पाझर तलावाकडची वाट, डोंगराकडची वाट. एका वाटेने येणाऱ्या मुलांचा एक गट आणि गटातलं मोठं मूल निरोप्या. शाळेला सुट्टी जाहीर झाली, उन्हामुळे वेळ सकाळची झाली, असले निरोप आता तासाभरात शेवटच्या झोपडीपर्यंत जातात.

इथे शाळेने एक रेघ ओढली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कुणी नापास झालं, कुणाची हजेरी कमी आहे, कुणाच्या घरी जायचं आहे, यातलं काहीही मुलांच्या हाती द्यायचं नाही. ते शिक्षकाने स्वतः जाऊन घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. सुरुवातीला एका वर्गात चिठ्ठी मुलासोबत गेली होती आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाटेने त्या पोराला चिडवलं. रेघ त्यानंतर पक्की झाली.

समितीची बैठकही बदलली. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. रजिस्टरवर हे सगळं पूर्वीपासून होतं. पण बैठक सकाळी अकराला असायची आणि अकराला मजूर बाई बागेत असते. आता बैठक दिवेलागणीनंतर होते. सालदाराच्या घरातली एक बाई आता समितीत बोलते, आणि बोलते तेव्हा मालक मंडळी ऐकतात. या सगळ्या बदलांत हा सगळ्यांत हळू झालेला आणि सगळ्यांत टिकेल असा बदल आहे, असं माझं मत आहे.

गावातल्या जुन्या घरांची नाराजी लपवण्यात अर्थ नाही. शाळा आता आपली राहिली नाही, सगळं लक्ष बागांमधल्या पोरांकडे आहे, असं काही पालक म्हणत. त्यांच्या म्हणण्यातला एक भाग खरा होता. शिक्षक कमी आणि त्यातला एक बाजारात, एक घरभेटीला, तर वर्गावर कोण? म्हणून टेबल शाळा सुटल्यावर लागतं आणि घरभेटी आठवड्यात वाटून घेतल्या आहेत. पट टिकला तर शिक्षक टिकतात, नाहीतर संचमान्यतेत पदं जातात आणि त्याचा फटका गावातल्या मुलांनाही बसतो, हे समितीतल्या एका शेतकऱ्याने गावसभेत सरळ मांडलं. सगळी नाराजी गेली नाही. पण एनएमएमएसची तयारी सुरू झाली तेव्हा गावातली आणि बागांमधली मुलं एकत्र बसली. नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये मिळणारी ही शिष्यवृत्ती आठवीतल्या परीक्षेवर ठरते. शाळेत आठवी नसती तर ती या मुलांपर्यंत कुणी नेली असती, कोण जाणे.

जे अजून सुटलेलं नाही

निदेशक मिळालेले नाहीत. पावरी येणारा शिक्षक नाही, मुलांवरच भागतंय. आठवीनंतर हायस्कूल तालुक्याला आहे आणि बागेपासून एसटीच्या थांब्यापर्यंतची वाट मुलींना संध्याकाळी एकट्याने चालावी लागते. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासून पुढच्या मुलींना सायकली मिळू शकतात. त्यासाठीचे कागद गोळा करणं चालू आहे.

हे मी 2025 च्या दिवाळीआधी लिहितोय. 2026 ची आखाजी 19 एप्रिलला आहे. या वेळी ती निकालाच्याही आधी, परीक्षांच्या दिवसांतच येते. समितीने त्यासाठी आत्तापासून तयारी केली आहे. पाचवी किंवा आठवीत मूल असलेल्या प्रत्येक सालदाराच्या घरी संक्रांतीपर्यंत एक भेट होणार. साल बदलणार असेल तर कुठे, हे विचारून ठेवायचं. जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद, तयार ठेवायचं आणि पोचणाऱ्या गावच्या शाळेला आधीच फोन करायचा. परीक्षा होईपर्यंत कुटुंबाला बागेतच राहू द्यावं, हिशेब चार दिवस पुढे ढकलावा, अशी विनंती समितीतल्या शेतकऱ्यांनी इतर मालकांना करायची आहे. दोघांनी होकार दिला आहे. बाकीच्यांकडे पोळ्याच्या दिवशी विषय काढला होता, आता दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरलं आहे.